डिस्क बिघडल्यावर पुढचे काही तास : राखीव डिस्कांचे व्यवस्थापन कसे चालते?

जबलपूर शहरातील बडा फुहारा हा गजबजलेला बाजार. सराफी पेढ्या, कापडाची दुकाने, भांड्यांचे व्यापारी आणि सणासुदीला पाय ठेवायला जागा उरणार नाही अशी गर्दी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी भाषकांचा या शहराशी संबंध आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही १९५६ पासून येथेच आहे. त्यामुळे पांढुर्णा, सौंसर, बालाघाट अशा सीमावर्ती भागांतील मराठी कुटुंबांचे कामकाज कधी ना कधी या शहरापर्यंत येते.

पेढीवरील लाल वही आता संगणकात गेली आहे. गिऱ्हाइकांची उधारी, गहाणाची नोंद, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण हे सारे हार्ड डिस्कवर साठवले जाते. न्यायालये, रुग्णालये, बँका आणि भूमिअभिलेख कार्यालये यांचीही हीच स्थिती आहे. साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. यांपैकी एखादी डिस्क बंद पडली, तर काय होते? या प्रश्नाच्या उत्तरात ‘राखीव डिस्क’ या दुर्लक्षित घटकाला मोठे स्थान आहे.

डिस्क बिघडणारच

हार्ड डिस्क हे यंत्र आहे. तिच्यातील तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेतात आणि वाचन करणारा सूक्ष्म भाग त्यांच्यापासून अत्यल्प अंतरावर तरंगत असतो. अशा यंत्राची झीज होणे स्वाभाविक आहे. चक्राकार तबकड्या नसलेल्या फ्लॅश डिस्कांनाही आयुष्याची मर्यादा असतेच.

उत्पादक कंपन्या आपल्या पत्रकात बिघाडापर्यंतचा सरासरी काळ दहा ते पंधरा लाख तास असा देतात. हा आकडा वाचून एखाद्याला वाटेल, की डिस्क शंभर वर्षे चालेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, शंभर डिस्कांपैकी वर्षाला एकीपेक्षाही कमी बिघडावी, असा होतो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतील नोंदी तपासल्या. तेव्हा डिस्का बदलण्याचे वार्षिक प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत असल्याचे आढळले.

त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, त्रुटी नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट अधिक होती. मात्र बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी आधी कोणताही ठळक इशारा दिलेला नव्हता. म्हणजे इशारा मिळाला, तर तो गांभीर्याने घ्यावा. पण इशारा मिळेलच, यावर विसंबून राहता येत नाही.

अनेक डिस्कांचा एक संच

या अडचणीवरचा प्रचलित उपाय १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडला. महागडी एकच मोठी डिस्क वापरण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा संच करावा आणि त्यात थोडी जादा माहिती ठेवावी, असे त्याचे सूत्र होते. हीच ‘रेड’ पद्धत होय.

तिचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे एकच मजकूर दोन डिस्कांवर लिहिणे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गोष्टीची पूर्ण प्रत न ठेवता पडताळ्याची बेरीज ठेवली जाते. समजा, तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज २० लिहिली. आता ४ असलेली डिस्क नष्ट झाली, तरी २० मधून ७ आणि ९ वजा केल्यास ४ पुन्हा मिळतो. संगणक हे गणित थोड्या वेगळ्या रीतीने करतो, परंतु तत्त्व हेच आहे. या प्रकाराला ‘रेड ५’ म्हणतात. ‘रेड ६’ या प्रकारात दोन स्वतंत्र पडताळे असतात. त्यामुळे दोन डिस्का एकाच वेळी गेल्या, तरी माहिती वाचते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ‘रेड ५’ संचातील एक डिस्क गेली, की काम थांबत नाही, पण संरक्षण संपते. त्या क्षणापासून आणखी एक डिस्क गेली, तर सारी माहिती गमावली जाते. बिघडलेल्या डिस्कच्या जागी दुसरी येऊन तिच्यावर मजकूर पुन्हा लिहून पूर्ण होईपर्यंत हा धोक्याचा काळ चालू राहतो. राखीव डिस्कांचे व्यवस्थापन म्हणजे हा काळ शक्य तितका आखूड करणे.

धोक्याचा काळ किती?

एक उदाहरण घेऊ. बडा फुहाऱ्यावरील एखाद्या व्यापाऱ्याच्या संचातील २० टेराबाइट क्षमतेची डिस्क शनिवारी रात्री १० वाजता बंद पडली, असे समजा. सोमवारी सकाळी ११ वाजता ते कोणाच्या तरी ध्यानात आले. म्हणजे ३७ तास गेले. त्याच क्षमतेची डिस्क शहरात मिळाली नाही, म्हणून बाहेरगावाहून मागवली. ती यायला तीन दिवस, म्हणजे ७२ तास लागले. नंतर पुनर्लेखन सुरू झाले. सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने २० टेराबाइट लिहायला एक लाख सेकंद, अर्थात सुमारे २८ तास लागतात. एकूण काळ झाला १३७ तास, म्हणजे पावणेसहा दिवस.

हीच डिस्क आधीच विकत घेऊन कपाटात ठेवलेली असती, तर ३७ अधिक २८ असे ६५ तास लागले असते. आणि ती यंत्रातच जोडून सज्ज ठेवलेली असती, तर यंत्रणेने स्वतःहून पुनर्लेखन सुरू केले असते आणि धोक्याचा काळ २८ तासांवर आला असता. हा हिशेब यंत्रावर दुसरे काम नसताना लागू पडतो. दुकान चालू असेल, तर पुनर्लेखनाचा वेग घटतो आणि मोठ्या संचात त्याला अनेक दिवस लागू शकतात.

हा बिघाड धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री झाला तर? बाजार खचाखच भरलेला, तंत्रज्ञ गावी गेलेला आणि मालाची ने-आण मंदावलेली. राखीव डिस्कची किंमत ठरवताना अशा दिवसाचा विचार करावा लागतो.

राखीव डिस्कांचे प्रकार

कपाटात ठेवलेल्या डिस्कला ‘थंड राखीव’ आणि यंत्रात जोडून सज्ज असलेल्या डिस्कला ‘गरम राखीव’ म्हटले जाते. थंड राखीव डिस्कची झीज होत नाही व तिला वीज लागत नाही. मात्र ती बसवण्यासाठी माणूस हजर असावा लागतो. गरम राखीव डिस्क रात्री-अपरात्री आपोआप कामाला लागते. परंतु ती यंत्रातील एक जागा अडवते आणि इतर डिस्कांसोबत तीही जुनी होत जाते.

मोठ्या यंत्रणांत आणखी एक भेद केला जातो. काही राखीव डिस्का एकाच संचासाठी राखून ठेवतात, तर काही सर्व संचांसाठी सामाईक असतात. सामाईक पद्धतीत थोड्या डिस्कांत भागते. न्यायनिवाड्याची कागदपत्रे असलेला संच आणि कॅमेऱ्यांचे जुने चित्रण असलेला संच यांनी एकच राखीव डिस्क वाटून घेतली असेल, तर चित्रणाच्या संचाने ती आधी वापरून टाकण्याची शक्यता असते. म्हणून महत्त्वाच्या माहितीसाठी स्वतंत्र राखीव डिस्क ठेवणे श्रेयस्कर ठरते.

राखीव डिस्क ज्या डिस्कची जागा घेणार, तिच्याइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. एका कंपनीची ‘२० टेराबाइट’ डिस्क दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच म्हटल्या जाणाऱ्या डिस्कपेक्षा किंचित लहान भरली, तर यंत्रणा तिला नाकारते. तिचा प्रकारही जुळावा लागतो. वेगवान फ्लॅश डिस्कांच्या संचात एक संथ फिरती डिस्क आली, तर संपूर्ण संच तिच्या गतीने चालू लागतो.

किती डिस्का राखून ठेवाव्यात?

याचे उत्तर डिस्कांच्या संख्येवर अवलंबून असतेच, पण नवीन डिस्क हाती यायला किती दिवस लागतात यावरही ते ठरते.

समजा, एका कार्यालयात १०० डिस्का आहेत आणि वर्षाला ३ टक्के बिघडतात. नवीन डिस्क आठवड्यात मिळत असेल, तर त्या एका आठवड्यात दोन डिस्का बिघडण्याची शक्यता हजारात दोनाहूनही कमी आहे. तेथे एक राखीव डिस्क पुरेशी वाटते. पण खरेदीची फाइल मंजूर होऊन माल यायला दोन महिने लागत असतील, तर त्या काळात दोन किंवा अधिक डिस्का बिघडण्याची शक्यता सुमारे ९ टक्के होते. एकाऐवजी दोन राखीव डिस्का ठेवल्यास राखीव साठा अपुरा पडण्याची शक्यता दीड टक्क्यापर्यंत खाली येते. सरकारी कार्यालयांनी हा हिशेब विशेष ध्यानात ठेवावा असा आहे.

या गणितात एक गृहीतक आहे. प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते, असे ते मानते. वास्तवात तसे नेहमी घडत नाही. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्कांत एकच दोष असू शकतो. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडले किंवा विजेचा दाब अचानक वाढला, तर त्याचा फटका सर्वांना एकदम बसतो. त्यामुळे गणिताने एक सांगितली, तरी अनुभवी तंत्रज्ञ दोन ठेवतात. शक्य असल्यास संचातील डिस्का वेगवेगळ्या वेळी खरेदी करतात.

पुनर्लेखन हीच परीक्षा

राखीव डिस्क कामाला लागली म्हणजे संकट टळले, असे नाही. ‘रेड ५’ संचात पुनर्लेखनासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक भाग वाचावा लागतो. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या एखाद्या नोंदीचा भाग आधीच खराब झालेला असेल, तर तो नेमका याच वेळी उघडकीस येतो.

साध्या संगणकांसाठीच्या अनेक डिस्कांच्या पत्रकात १ वर १४ शून्ये इतके बिट वाचल्यावर एखादी न सुधारता येणारी त्रुटी येऊ शकते, असे नमूद असते. हे प्रमाण साडेबारा टेराबाइटांमागे एक असे पडते. प्रत्यक्षातील कामगिरी बहुधा याहून चांगली असते. तरीही आजच्या एकाच डिस्कची क्षमता या मर्यादेच्या पलीकडे गेली आहे. मोठ्या डिस्कांसाठी ‘रेड ५’ टाळून ‘रेड ६’ निवडण्याचा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. यंत्रात पाच डिस्कांची जागा असेल, तर चार डिस्कांचा ‘रेड ५’ संच आणि एक गरम राखीव, असे करता येते. किंवा पाचही डिस्कांचा ‘रेड ६’ संच करता येतो. साठवणीची जागा दोन्हींत सारखीच, तीन डिस्कांएवढी मिळते. पहिल्या रचनेत पाचवी डिस्क बिघाडाची वाट पाहत रिकामी बसते आणि बिघाडानंतरचे २८ तास संरक्षणाविना जातात. दुसऱ्या रचनेत ती पहिल्या दिवसापासून संरक्षण देते. लहान संचासाठी दुसरी रचना अधिक सुरक्षित होय.

डिस्क पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहणे, हाही एक मार्ग आहे. त्रुटी वाढू लागताच तिच्यावरील मजकूर थेट राखीव डिस्कवर उतरवून घेतला, तर बाकीच्या डिस्कांवर ताण येत नाही आणि संचाचे संरक्षणही क्षणभर खंडित होत नाही. अलीकडच्या मोठ्या यंत्रणांत तर वेगळी राखीव डिस्कच नसते. सर्व डिस्कांवर थोडी थोडी जागा मोकळी राखलेली असते. एकाच कारकुनाने पूर्ण वही उतरवण्याऐवजी पन्नास जणांनी एकेक पान उतरवावे, तसे हे काम वाटले जाते आणि फार लवकर पूर्ण होते. मुक्त स्रोत असलेल्या ‘ओपन झेडएफएस’ प्रणालीत ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे.

पर्याय होता, पण उपयोगी पडला नाही

राखीव व्यवस्था असणे आणि ती वेळेवर चालणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १ ऑक्टोबर २०२० रोजी तोक्यो शेअर बाजाराचे व्यवहार दिवसभर बंद राहिले. सामाईक डिस्क यंत्रणेतील स्मृतीचा एक भाग बिघडला होता. तिच्या जोडीला दुसरे यंत्र सज्ज होते, तरीही आपोआप होणारा बदल झाला नाही. यंत्राची प्रत्यक्ष मांडणी आणि माहितीपुस्तिकेतील वर्णन यांत तफावत होती आणि ती कोणी तपासून पाहिली नव्हती. या घटनेनंतर बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा यांनी राजीनामा दिला.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले आणि पाच वाजेपर्यंत चालवण्यात आले. एक्सचेंजने दिलेल्या खुलाशानुसार, दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या असूनही त्या दोन्हींत बिघाड झाला. रस्त्यावरील खोदकाम हे त्याचे एक कारण होते. त्यानंतर माहितीसाठ्याची यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली अनुपलब्ध झाली.

लहान कार्यालयात अशीच चूक निराळ्या रूपात घडते. गरम राखीव डिस्क एका रात्री निमूटपणे कामाला लागते. सकाळी सर्व काही सुरळीत दिसते. सूचनेचा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर जातो. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते, तेव्हा राखीव डिस्क केव्हाच वापरली गेल्याचे समजते. वापरलेल्या राखीव डिस्कच्या जागी ताबडतोब दुसरी आणली नाही, तर त्या व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

राखीव डिस्क म्हणजे प्रत नव्हे

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. राखीव डिस्क केवळ यंत्राच्या बिघाडापासून वाचवते. कोणी चुकून नोंद पुसली, खंडणीखोर विषाणूने मजकूर कुलूपबंद केला, तर संच तो बदल इमानाने सर्व डिस्कांवर लिहितो. आग, पूर किंवा चोरी झाली, तर राखीव डिस्कही इतरांसोबतच जाते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य कागदी फायली जळून गेल्या. ज्याची प्रत अन्यत्र होती, तेच पुन्हा उभे करणे सोपे होते. कागदाला लागू पडणारा हा नियम डिस्कलाही तितकाच लागू पडतो.

काय काळजी घ्यावी?

दुकानदार असो वा कार्यालयप्रमुख, तंत्रज्ञाला पुढील प्रश्न विचारता येतील.

– आपल्या संचातील किती डिस्का एकाच वेळी बिघडल्या तरी माहिती वाचेल?

– राखीव डिस्क आहे का? तिची क्षमता आणि प्रकार जुळतात का? ती शेवटची केव्हा तपासली? न वापरलेली डिस्कही खराब असू शकते.

– बिघाडाची सूचना कोणाला जाते? ती किमान दोन व्यक्तींना मिळते का?

– सर्व डिस्कांचे महिन्यातून एकदा पूर्ण वाचन होते का? सुप्त दोष त्यातूनच कळतात.

– प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक लिहिलेला आहे का? बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क उपसून काढल्याने संच गमावण्याचे प्रकार घडतात.

– काढलेली डिस्क कोठे जाते? तिच्यावरील हिशेब अजून वाचता येऊ शकतो. ती भंगारात देण्यापूर्वी मजकूर नष्ट करावा आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावी.

– माहितीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत वा दुसऱ्या शहरात आहे का? ती परत उतरवून पाहिली आहे का?

यांतील बहुतेक उत्तरांना पैसे लागत नाहीत. वर्षातून एकदा, गर्दीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, तंत्रज्ञाच्या उपस्थितीत संचातील एक डिस्क मुद्दाम बाजूला काढून राखीव डिस्क कामाला लागते का, हे पाहावे. त्याआधी संपूर्ण माहितीची प्रत अन्यत्र सुरक्षित आहे, याची खात्री करून घ्यावी.